फुली मारणाऱ्या कुमुदताई

आमच्या डोक्यावरून रोज सकाळी नाश्त्याच्या सुमारास एक विमान जायचं. डोक्यावरून म्हणजे अक्षरशः. आमच्या वरच्या मजल्यावर, सायखेडकरांच्या हॉलमध्ये, आधी इंजिन खोकायचं, मग घुमायला लागायचं आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे पेले बारीक किणकिणायचे. गंगापूर रोडच्या या सोसायटीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तणतणत वर गेलो. मी वकील माणूस, नाशिकच्या कोर्टात उभी हयात गेली, त्यामुळे भांडायला जाताना मला कधी संकोच वाटत नाही. दार एका ठेंगण्या, पांढऱ्याशुभ्र आखूड केसांच्या बाईंनी उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "जरा थांबा हं. उतरतोय तो."

मी चक्क थांबलो. आत मोठ्या पडद्यासमोर एक उंच, वाळका म्हातारा डाव्या हाताने दांडा धरून बसला होता. उजवा हात मांडीवर निपचित. पडद्यावर शेतं, मग एक काळी पट्टी, मग धक्का. म्हातारा म्हणाला, "घासलं गं." आणि बाई म्हणाल्या, "घासलं. कालच्यापेक्षा बरं घासलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आवाजाचं ना? तुमच्या आधीचेही आले होते. मी कमी करते, पण अगदी बंद नाही करता येणार. इंजिनचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला उतरवता येत नाही." मी ज्या भांडणाची तयारी करून गेलो होतो ते त्यांनी असं दारातच निकालात काढलं. वर मला चहा पाजला.

त्या कुमुदताई सायखेडकर, आणि तो त्यांचा थोरला भाऊ. सोसायटीत सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. ताई लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. ओझरच्या विमान कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. ट्रेसिंगच्या कापडावर शाईने रेघ ओढायची, चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडून काढायची आणि पुन्हा ओढायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कॅप्टन तरुणपणी फवारणीची विमानं उडवायचा. उसावर, कपाशीवर, अगदी शेंड्यांना चाटून जायचं आणि शेताकडेच्या कसल्याशा पट्टीवर उतरायचं. पुढे बायको गेली, मुलगी पुण्याला स्थिरावली आणि एक दिवस अर्धांगाचा झटका येऊन त्याची उजवी बाजू गेली. ताई त्याला आपल्याकडे घेऊन आल्या.

डॉक्टरांनी बोटांना व्यायाम द्यायला सांगितलं होतं. दाबायला दिलेला रबरी चेंडू कॅप्टनने गॅलरीतून खाली फेकला. तेव्हा ताईंनी संगणक आणला आणि त्यावर ते विमान उडवायचं सिम्युलेटर बसवून घेतलं. मी एकदा त्याला खेळ म्हणालो तर त्यांनी माझ्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतला नाही. त्यात जगभरातले विमानतळ असतात, मोठे असतात तसे आडवळणाच्या गावांतले एकेका पट्टीचेही. ही सगळी माहिती हौशी लोकांनी घरबसल्या गोळा केलेली, आणि कुणीही त्यात सुधारणा पाठवावी अशी सोय. कॅप्टनने पहिल्याच महिन्यात आपल्या ओळखीच्या एका पट्टीवर विमान उतरवलं आणि खो खो हसत सुटला. "कुमे, ही पट्टी धरणात बुडून जमाना झाला. मी आत्ता पाण्याखाली उतरलोय!"

तो हसला, पण ताईंना रात्री झोप लागली नाही. चुकीचं ड्रॉइंग पुढे जाऊ द्यायचं नाही ही त्यांची कारखान्यातली सवय. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे इंग्रजी पत्राचा मसुदा तपासायला घेऊन आल्या. ते पत्र ही माहिती सांभाळणाऱ्या हौशी लोकांना गेलं, तिकडून सौजन्याचं उत्तर आलं आणि सोबत रीतही कळली. पट्टी बंद झाली असेल तर नोंदीत तिच्या नावाआधी चौकटी कंसात फुली मारायची. फुली पडली की संगणक ती पट्टी उतरायला सुचवत नाही, पण नाव आणि जागा राहते. ताईंनी पहिली फुली मारली आणि मग त्यांनी हे काम सोडलंच नाही. आपल्या राज्यातल्या जुन्या पट्ट्या एकेक करून शोधायच्या, चालू आहे का बंद ते ठरवायचं आणि बंद असेल तर फुली. पैसा नाही, मानधन नाही. मी म्हणायचो, "ताई, वांझोटा उद्योग आहे हा." त्या म्हणायच्या, "असू दे. तुमच्या कोर्टातल्या तारखांपेक्षा बरा."

त्यांची एक फजिती मी आयुष्यभर विसरणार नाही. बंद पट्टीवर खरोखरीच दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाची भलीमोठी फुली काढलेली असते, वरून येणाऱ्या वैमानिकाला कळावं म्हणून. एकदा उपग्रहाच्या छायाचित्रात ताईंना एका खासगी पट्टीच्या टोकाला अशी स्पष्ट पांढरी फुली दिसली. एवढा पुरावा असताना आणखी काय हवं? त्यांनी नोंदीत फुली मारून टाकली. थोड्याच दिवसांत त्या पट्टीच्या व्यवस्थापकाचा रागावलेला निरोप आला. पट्टी चालू होती, हौशी लोकांची छोटी विमानं सुट्टीच्या दिवशी तिथे उतरत होती, आणि आमची पट्टी कुणी परस्पर बंद केली असा त्यांचा सवाल होता. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. उन्हाळ्यात पट्टी तापते आणि स्वच्छ असते, म्हणून शेजारच्या वस्तीवरच्या बायका तिथे कुरडया वाळत घालायच्या. त्या वर्षी कुरडया जास्त होत्या. एकीने धोतरं जोडून इकडून तिकडे अंथरली, दुसरीने त्यांच्यावरून आडवी अंथरली, आणि नेमका त्याच दिवशी उपग्रह वरून गेला.

मी हसून हसून बेजार झालो. ताईंना हसू आलं नाही. चालू असलेल्या पट्टीला आपण बंद म्हटलं हे त्यांना फार लागलं. त्यांनी फुली काढली, एसटी पकडून त्या पट्टीवर गेल्या आणि व्यवस्थापकाची समोर उभं राहून माफी मागून आल्या. परत येताना त्या बायकांकडून पिशवीभर कुरडया घेऊन आल्या. आम्हाला त्या तळून वाढताना म्हणाल्या, "वरून बघून काही ठरवायचं नाही हो. खाली जाऊन बघायचं, नाहीतर गावातल्या दोघांना विचारायचं. आणि दोघं एका भावकीतली नकोत."

तेव्हापासून तो नियमच झाला. ताई फोन स्पीकरवर टाकून बोलायच्या, कारण कॅप्टनला ऐकायचं असायचं. मीही रविवारी मुद्दाम त्या वेळेला चहाला जायचो, करमणूक म्हणून.

"हॅलो, मी नाशिकहून सायखेडकर बोलते. तुमच्या गावाबाहेर विमानाची पट्टी आहे ना, तिथे अजून विमान उतरतं का?"

"कोन बोलतंय?"

"सायखेडकर. नाशिकहून."

"बाई, इथं यष्टी थांबत नाय, इमान कुठलं उतरायला!"

"म्हणजे बंद आहे?"

"बंद कशानं? पोरं किरकेट खेळत्यात की रोज."

"खोदलीय का कुठे?"

"खोदली नाय. पर मधोमध मोबाईलचा टावर हाय."

"बरं. आता तुमच्या भावकीतलं नसलेलं कुणी जवळपास असेल तर फोन देता का त्यांना?"

पलीकडे हाकाहाकी व्हायची. मग कुणीतरी हसत फोन घ्यायचं, आणि टॉवर आहे म्हणून सांगायचं. कॅप्टन खुर्चीत गदगदत असायचा. ताई मात्र शेवटपर्यंत गंभीर. फोन ठेवताना "आभारी आहे, तुमची फार मदत झाली" असं त्या इतक्या मनापासून म्हणायच्या की पलीकडचा माणूसही गडबडून नमस्कार करायचा.

एकाच गोष्टीवरून त्यांना संतापलेलं मी पाहिलं. परदेशातल्या कुणा उत्साही तरुणाने असं सुचवलं की बंद पट्ट्या ठेवायच्याच कशाला, सरळ पुसून टाकू, यादी हलकी होईल. ताई माझ्याकडे धावत आल्या. "लिहा. चांगलं कडक लिहा." मी माझं ठेवणीतलं कोर्टाचं इंग्रजी काढलं, परिच्छेदाला क्रमांक दिले. ताईंनी सगळं खोडलं आणि एवढंच ठेवलं की बंद झालेली पट्टी वरून जाणाऱ्याला अजून दिसते, ती कुठली हे त्याला ओळखता आलं पाहिजे, आणि संकटात सापडलेला माणूस तिच्यावरही उतरू शकतो. "बंद म्हणणं वेगळं आणि नव्हतीच म्हणणं वेगळं," त्या मला म्हणाल्या. तो तरुण बापडा गप्प बसला. मला वाटतं, तो मुद्दा त्यालाही पटला असावा.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. ताई जसजशा खरं तपासत होत्या, तसतशा कॅप्टनच्या जुन्या पट्ट्या बंद होत होत्या. कुठे औद्योगिक वसाहत आली होती, कुठे प्लॉट पडले होते, कुठे नुसतीच बाभळ माजली होती. प्रत्येक फुली मारायच्या आधी ताई त्याला सांगायच्या, आणि तो त्या पट्टीची एखादी आठवण सांगून "मार" म्हणायचा. शेवटी त्याची एकच उरली. पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवे सोडून आत, उसाच्या दिवसांतली. रोज सकाळी ओझरहून उडायचं आणि तिथे उतरायचं हा त्याचा नेम होता.

त्या पट्टीवर त्याचा एवढा जीव असायचं कारण वेगळं होतं. फवारणी करताना एकदा त्याचं इंजिन हवेत बंद पडलं होतं. खाली चहूकडे उभा ऊस, आणि समोर ही पट्टी. "इंजिन नव्हतं, वेग नव्हता, काही नव्हतं," तो मला सांगायचा, "तिने झेललं मला." व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने ताईंना बजावून ठेवलं होतं की यांचं हे सकाळचं उडणं काही झालं तरी थांबू देऊ नका, त्याच्यासाठीच ते उठतात, दाढी करतात, खुर्चीपर्यंत चालत जातात. नाहीतर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतील.

आणि मग एका फेब्रुवारीत नव्या छायाचित्रात त्या पट्टीवर पांढरे चौकोन दिसले.

"काहीही असेल," ताई म्हणाल्या. "कुरडया असतील." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "तुमची गाडी रविवारी मोकळी आहे का?"

कॅप्टनला त्यांनी लपवलं नाही. "दादा, पिंपळगावची बघून येते," एवढंच म्हणाल्या. तो मान हलवून पडद्याकडे बघत राहिला.

ओझर मागे पडलं, पिंपळगाव आलं, हायवेवर टेम्पोंची रांग लागली होती. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. आत वळलो आणि लांबूनच पत्र्याच्या शेड दिसल्या. चौकोन म्हणजे तेच. पट्टीच्या आडवं एक कोल्ड स्टोरेज, त्याच्यापुढे पॅकिंगच्या शेड, आणि शेडमध्ये डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसून द्राक्षाचे घड निवडत होत्या. दोन शेडच्या मध्ये जुन्या डांबराचा एक तुकडा तेवढा शिल्लक होता. त्यावर क्रेट रचले होते.

डोळ्यांनी दिसत असूनही ताईंनी नियम मोडला नाही. आधी मुकादमाला विचारलं. मग चहाच्या टपरीवरच्या बाईला. ती म्हणाली, "व्हती ना इमानाची पट्टी. आमच्या सासूबाई सांगायच्या, फवारनीचं इमान यायचं, समदी पोरं मागं पळायची. आता कुठं राहिली, ताई? सगळ्या शेडच हायेत." ताई म्हणाल्या, "आभारी आहे, तुमची फार मदत झाली." मग एका शेडच्या दारात उभ्या राहून बराच वेळ त्या बायकांचं काम बघत राहिल्या. एकीने त्यांच्या हातावर द्राक्षं ठेवली. ती त्यांनी खाल्ली नाहीत, रुमालात बांधून घेतली.

परतताना त्या रुमालाची गाठ सोडत-बांधत होत्या. मला ते सहन होईना. मी म्हणालो, "ताई, सांगूच नका. खोटं बोलणं आणि न सांगणं यात कायद्यानेही फरक आहे. तिकडच्या लोकांना कुठे माहीत आहे ही पट्टी? म्हातारा रोज उतरतोय, उतरू दे बिचाऱ्याला."

मला वाटलं होतं त्या फाडकन काही बोलतील. त्या म्हणाल्या, "हं. राहू दे. कुणाचं काय बिघडतंय." आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. माझा युक्तिवाद मान्य झाला होता, पण मला जराही बरं वाटलं नाही. उलट घाबरल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी ज्या हट्टाची चेष्टा करत होतो, तो या बाईने सोडला तर त्यांच्याकडे राहणार काय, असं मनात आलं.

कॅप्टन जेवायचा थांबला होता. वॉकरला धरून दारातच उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. "काय गं?" त्याने विचारलं.

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी चपलाही काढल्या नव्हत्या. "दादा," त्या म्हणाल्या, "गेली रे ती. शेड झाल्यात सगळ्या. द्राक्षं निवडतात बायका, खूप बायका आहेत कामाला. दोघांना विचारलं मी." आणि रुमाल सोडून द्राक्षं पुढे केली. त्याने घेतली नाहीत. वॉकर वळवला आणि सावकाश आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. ताई दारात तशाच उभ्या. मी खाली निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून आवाज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या हिने दोनदा छताकडे बघितलं आणि म्हणाली, "वर जाऊन या की." तिसऱ्या दिवशी मी धीर करून गेलो. ताईंचे डोळे सुजलेले होते. "पाणी पितो, औषध घेतो," त्या म्हणाल्या. "बोलत नाही. मी चुकले का हो?" आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा पहिला सल्ला.

एवढ्यात आतून वॉकरचा आवाज आला. कॅप्टन भिंतीच्या कडेने येत होता. दाढी वाढलेली, पण अंगावर शर्ट होता. तो खुर्चीत बसला आणि डाव्या हाताने त्याने संगणक चालू केला. ओझरची पट्टी पडद्यावर आली. इंजिन खोकलं, घुमलं. ताई पुढे झाल्या आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अजून फुली मारली नाही, दादा. थांबले होते. उतर तू. तुझं झालं की मारीन."

विमान उडालं, हायवेच्या कडेने पिंपळगाव आलं, गेलं. समोर पट्टी दिसायला लागली. पडद्यावर ती पूर्वीसारखीच होती, लांब, मोकळी, दोन्ही बाजूंना हिरवं शेत. एक शेड नाही, एक क्रेट नाही. कॅप्टनने विमान खाली घेतलं. इतकं सरळ, इतकं संथ येताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं. आणखी खाली. पट्टीचं टोक चाकांखाली आलं, आता टेकणार, आणि त्याने डाव्या हाताने इंजिनला पूर्ण जोर दिला. पेले सोडाच, समोरच्या कपाटाच्या काचा थरथरल्या. विमान पट्टीवरून तसंच वर निघून गेलं.

"का रे?" ताई म्हणाल्या. "मोकळी होती ना?"

"बायका आहेत ना खाली," कॅप्टन म्हणाला. "द्राक्षं निवडतायत. तूच म्हणालीस."

त्याने विमान हळूच कलतं करून ओझरकडे वळवलं आणि पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, "मी परत जातोय तोवर मार फुली."

यानंतरही तो पुष्कळ दिवस उडाला. पुढे तो गेला, आणि ताई भाचीच्या आग्रहाने पुण्याला राहायला गेल्या. निरोप घ्यायला खाली आल्या होत्या, पेढे ठेवून गेल्या, ते सगळं झालं. पण त्यांची आठवण निघाली की मला ती सकाळच दिसते. ताईंनी शेजारचा, नोंदींच्या कामासाठी घेतलेला आपला दुसरा संगणक ओढला. पिंपळगावच्या पट्टीची नोंद काढली, चष्मा ओढणीने पुसला आणि नावाआधी फुली मारली. ती पाठवून दिली. मग खुर्ची सरकवून त्या भावाच्या अगदी शेजारी बसल्या, त्याचा निपचित उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्याबरोबर पडद्याकडे बघत म्हणाल्या, "सावकाश ये, दादा. वारा आहे."